हिरव्या अक्षरांची वाटणी

मी, खाली सही करणारी, वय वर्षे बहात्तर, पूर्वीचा धंदा छापखान्यात मजकूर टाइप करून पानं लावणे, हे मृत्युपत्र स्वखुशीने, कोणाच्या भिडेखातर नव्हे, लिहून ठेवते. कान गेले आहेत, गुडघे जायच्या बेतात आहेत, डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. यापूर्वीचं मृत्युपत्र रद्द समजावं. त्यात अर्धं घर मुलीच्या नावे होतं. ते घ्यायला ती राहिली नाही.

१. राहतं घर माझ्या स्वकष्टाचं आहे. ते आणि बँकेत काही उरलं तर तेही माझ्या मुलाला द्यावं.

२. माझं भिंग छापखान्यातल्या मुद्रितशोधकांना द्यावं. त्यांनी मला जन्मभर "बहिरीबाई" म्हटलं, तेही पाठीमागून, म्हणजे मला कळू नये. आता त्यांनाच दिसेनासं झालंय, म्हणून भिंग. राग गेलेला नाही.

३. कॉम्प्युटरवरची 'गप्पा' नावाची फाइल ही माझी सर्वांत मोठी मालमत्ता होय. माझ्या मुलीचं, चिमीचं, गळ्याचं ऑपरेशन झालं आणि तिचा आवाज गेला. ती मला टाइप करून दाखवू लागली. मी तोंडाने उत्तर द्यायचे. पण स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्याने मी ओरडते. तिने लिहिलं, "आई, माझी औषधं अख्ख्या गल्लीला पाठ झालीत. तूही टाइप कर." तेव्हापासून आम्ही दोघी एकाच फाइलीत बोलू लागलो. दरवेळी नाव घालायला नको म्हणून तिने दोन स्टाईल बनवल्या. तिचं बोलणं हिरवं आणि जाड, माझं काळं आणि बारीक. स्वतःच्या स्टाईलला तिने नाव दिलं 'राणीसरकार', माझ्या स्टाईलला 'कटकट'. तिचं शेवटचं वर्ष आम्ही असं काढलं, आणि खोटं कशाला सांगू, भरपूर हसलो.

४. ती गेल्यावर मुलाने मला नवा कॉम्प्युटर घेऊन दिला, फाइल नव्या प्रोग्राममध्ये बदलून घातली आणि जुना कॉम्प्युटर भंगारात दिला. नव्या प्रोग्रामला ना राणीसरकार कळली, ना कटकट. त्याने सरसकट एकच साधी स्टाईल लावली. मुलाने मला लिहून दाखवलं, "आई, तपासून बघ, एक अक्षर गेलेलं नाही." खरंच गेलं नव्हतं. कोणतं अक्षर कोणाचं, एवढंच गेलं. मी त्याला नको ते बोलले. त्याने मायेपोटीच केलं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण पोर पुन्हा एकदा गेल्यासारखं झालं, आणि ते दुःख अजून उतरलेलं नाही.

तेव्हापासून मी एकेक वाक्य ओळखून पुन्हा रंगवत आले. "आई" अशी हाक असेल ते तिचं. "गोळी घेतलीस का?" हे माझं. टोमणा आला की पंचाईत, कारण टोमणे मारायला ती माझ्याकडूनच शिकली.

५. मुलाने ही फाइल जपावी. पुढे प्रोग्राम बदलावाच लागेल. तेव्हा आधी नक्कल काढावी, मूळ फाइलीला हात लावू नये. नव्या प्रोग्राममध्ये याच नावांच्या दोन स्टाईल अगोदर तयार कराव्यात, जुनी कोणती स्टाईल नवीन कोणत्या स्टाईलवर बसवायची ते स्वतः नेमून द्यावं, मगच फाइल बदलावी. नंतर, मी पुन्हा रंगवलेल्या फाइलीची रंगीत छापील प्रत कपाटात ठेवली आहे, तिच्याशी पान न् पान ताडून पाहावं. हे केलं नाहीस तर घर परत मागायला मी येणार नाही. पण तुला झोप लागणार नाही, एवढं मी तुला ओळखते.

६. फाइलीतल्या बाकी सगळ्या वाक्यांची वाटणी झाली. शेवटच्या पानावरचं शेवटचं वाक्य तेवढं राहिलं आहे: "घाबरू नकोस, मी आहे ना." त्या दिवसांत हे मीही तिला लिहीत होते आणि तीही मला. ते कोणाचं, हे मला आठवत नाही. पुष्कळ रडून पाहिलं, तरी आठवत नाही. सबब, सदर वाक्य माझं असल्यास, माझ्या मालकीची वस्तू म्हणून ते मी माझ्या मुलीला देत आहे. त्याला हिरवा रंग द्यावा.

स्थळ: राहतं घर, चिमीचं टेबल.
दिनांक: सहीशेजारी हाताने घातला आहे.

साक्षीदार, आमच्यासमक्ष सही झाली:
१. खालच्या मजल्यावरची शिवणकामवाली (सही)
२. कोपऱ्यावरचा औषधविक्रेता (सही)

लिहून ठेवणार: (सही)
आई, ऊर्फ कटकट