तिसऱ्या हाकेची अट

३ नोव्हेंबर, सोमवार. हिर्डोशी

भोरहून सकाळच्या एसटीनं आलो. ड्रायव्हरनं गाडी थेट सरूबाईंच्या दारात थांबवली आणि माझी बॅगही उतरवून दिली. पुण्यात कुणी एवढी माया केली असती तर मी आधी खिसा चाचपला असता. भातकापणी चालू आहे. अंगणात पेंढ्या, खोलीत ऊन, ताटात नाचणीची भाकरी. महिनाभर झोप राहिलेल्या माणसाला आणखी काय हवं?

आमची कंपनी व्हर्जन कंट्रोल सांभाळते. म्हणजे प्रोग्रामची वही म्हणा ना. कुठली ओळ कुणी, कधी, कशासाठी बदलली हे ती विसरत नाही. तिच्या चाचण्यांचं मशीन सरूबाईंच्या मुलानं, धनाजीनं, घरून काम करताना इथं उभं केलं. वर्षापूर्वी तो गेला. आता चाचण्या मी पास करून घ्यायच्या, मग मशीन पुण्याला. माझं कॉलेज म्हणजे मार्गासनीतली रेडिओ दुरुस्तीची टपरी. खरखर ऐकून कुठला पार्ट गेलाय ते सांगायचो. कोड रद्दीतल्या पुस्तकांवर शिकलो. मशीनचा पंखाही कान देऊन ऐकला. ठणठणीत आहे.

४ नोव्हेंबर, मंगळवार

एक हजार चारशे बारा चाचण्या, आणि एक फेरी दोन तासांची! कारण सापडलं. कुणीही सर्व्हरला विनंती पाठवली की तो पहिल्या दोन सोडून देतो, उत्तर तिसरीलाच. वर धनाजीची टीप: पहिल्या दोन हाकांना ओ देऊ नये. हसू आलं. हुशार माणसं दमली की कोडात असला चावटपणा करतात. ती अट काढली. कमिटवर, म्हणजे वहीतल्या बदलाच्या नोंदीवर, लिहिलं, 'विनाकारण वाट पाहणे बंद.' फेरी चाळीस मिनिटांत, सगळं हिरवं, म्हणजे पास. गाढ झोपलो.

६ नोव्हेंबर, गुरुवार

लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या रोजनिशीत, दुपारी एक वाजून दहा मिनिटांची एक विनंती आहे. कुठल्या मशीनवरून आली? पत्ता कोरा. आमच्या सर्व्हरनं एका हाकेत ओ दिली, माझ्या नावानं. लगेच खाली एक कमिट, तेही माझ्या नावानं. बदललेल्या ओळी शून्य. संदेश एकच शब्द: 'आलो.'

मी तेव्हा सरूबाईंकडे जेवत होतो. ऑफिसात कुमारला फोन केला, म्हटलं, फाजीलपणा पुरे. तो शपथा घ्यायला लागला. खोटं बोलणाऱ्याचा आवाज मला कळतो. तो खरं बोलत होता.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

सरूबाईंना सहज विचारलं, हाका मोजायची काय भानगड? त्यांचा हात पिठातच थांबला. म्हणाल्या, हितं पैल्या हाकंला कुनी ओ देत न्हाई बाबा, दुसरीलाबी न्हाई. जित्तं मानूस तीनदा बोलावतं, दुसरं जे असतंय त्येला तिसरी हाक मारता येत न्हाई. ओ दिली की आवाज त्येचा झाला, मग त्यो त्याच आवाजानं जवळच्याला बोलावतो.

वर्षापूर्वी त्या भोरच्या बाजाराला गेल्या होत्या, आणि धनाजीला बांधावरून आईची हाक आली. एकच. पोरानं मशीनला शिकवलं, पर सोता आईच्या हाकंला चुकला, म्हणाल्या. घाटाकडं चालत गेला तो गेलाच.

वर मला टोमणा, की मार्गासनीचा असून पुन्यानं पार बाटवला तुमास्नी, लई घाई.

अट परत घातली. जुनी आवृत्ती आणायला एक आज्ञा पुरते, त्यासाठीच तर ही वही.

८ नोव्हेंबर, शनिवार

अट पुन्हा गेली आहे. काढणारा मी. वेळ एक दहा. संदेशही माझाच, 'विनाकारण' मधला 'ना' मी घाईत नेहमी चुकवतो तसाच चुकवलेला. चार वेळा परत घातली, चार वेळा गेली. मशीनची वायर उपटली. लॉग पुढं वाढतोच आहे. बंद पडद्यावर कसा वाढतो ते विचारू नये. मी दमलोय.

दुपारी सरूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. बांधावरून मला कशापायी हाक मारली, म्हणून. मी खोलीतच होतो. त्यांनी मला तीनदा नावानं बोलावलं, माझी ओ ऐकली, तेव्हा कुठं चहा पुढं केला.

९ नोव्हेंबर, रविवार

ऐकला. माझाच आवाज — घशातली ती खरखर, शेवटचं अक्षर ओढायची खोड. जन्मभर दुसऱ्यांचे दोष कानानं पकडले, स्वतःचा असा बाहेरून —

कुणाला बोलावतोय ते नीट कळलं नाही. दोन अक्षरं.

१० नोव्हेंबर, सोमवार

कळलं. संजे. बायकोला मी अशीच हाक मारतो.

तिचा फोन आला होता, भोरच्या स्टँडवरून. म्हणाली, अहो, काल तुम्हीच तर बोलावलंत, आता का ओरडताय? निघालेय, चार वीसला पोचते. मी सांगायला लागलो आणि रेंज गेली. पुन्हा लागत नाही —

१० तारीख, चार वाजता. थांब्यावर

हाक मारायची नाही. मी हाक मारली तर तिला कसं कळणार कुठला मी? आणि तिला तर अर्धी हाक पुरते, हातातलं टाकून ओ देते. वीस वर्षं मला त्याचंच कौतुक.

म्हणून लिहितोय. हे पान मोठ्या अक्षरांत तिच्यासमोर धरणार —

संजे, ओ देऊ नकोस. आवाज माझा असला तरी. तोंडावर हात ठेव आणि माझ्याकडं —

एसटी आली. धूळ. ती पलीकडच्या अंगाला उतरली, गाडी मध्ये —

पान दिसत नाही तिला —

बांधावरून हाक आली. एकच.

गाडी सरकली. ती तिकडंच बघून हसतेय, पिशवी खाली ठेवली, तोंड उघ