जास्तीचा एक पंप

ती. दाजी,

आपणांस साष्टांग नमस्कार. (गुडघा अजून नीट वाकत नाही, म्हणून तूर्त तो कागदावरच घातला आहे असे समजावे.) आपला रक्तदाब ताब्यात असेल आणि ताईने आपल्या जेवणातले मीठ पुन्हा सुरू केले असेल अशी आशा करतो. इकडे सर्व क्षेम, म्हणजे ज्याला आमच्या घरी क्षेम म्हणतात तेवढे आहे. पत्राला उशीर झाला याचे कारण आमच्या पंपाच्या कारखान्यात, गोदामाच्या दाराशी बसलेले गेट. गेट म्हणजे फाटक नव्हे. नुसते दोन उभे खांब, मधून माल जातो. प्रत्येक खोक्यावर एक रेडिओ टॅग लावायचा. (रेडिओ म्हटल्यावर आपण लगेच गाणी समजाल. हा गात नाही. कागदी स्टिकर असतो, त्याच्या पोटात नखाहून लहान चिप, आणि खांबांनी विचारले की ती ‘मी अमुक नंबरचा पंप’ एवढे सांगून गप्प बसते. हा गुण माणसांतही यायला हवा.) आमच्या सगळ्यांत मोठ्या गिऱ्हाइकाने बजावले होते, टॅग लावून पाठवाल तरच माल घेऊ, आणि त्यांच्या तपासनीस बाई स्वतः येऊन पाहणार होत्या. मालकांनी मला केबिनमध्ये बोलावून स्पष्ट सांगितले, मोजणी जुळली तर गोदामप्रमुखाची खुर्ची तुमची, नाही जुळली तर माझ्या भाच्याची. भाचा पदवीधर आहे. मी जे शिकलो ते पुस्तिका वाचून शिकलो, आणि पुस्तिका मी तळटिपांसकट वाचतो. या गेटच्या पुस्तिकेतले ‘नवशिक्यांसाठी सूचना’ हे प्रकरण तेवढे मी सोडले, कारण ते माझ्यासाठी नव्हते.

पहिल्या चाचणीत टॅग थेट पंपांच्या अंगावर लावले. ओतीव लोखंडावर, कारखान्याच्या नावाखाली, फूटपट्टी धरून मधोमध. खोकी बंद केली, गाडी भरली, आणि पडद्यावर शून्य. आमची फोर्कलिफ्टवाली, जी कोणाची भीडभाड ठेवत नाही, म्हणाली, “काका, माल खरंच गेला, की आपल्या सगळ्यांना भास झाला?” लोखंडाला चिकटले की हे टॅग मुके होतात, ही गोष्ट नवशिक्यांच्या प्रकरणात पहिल्याच ओळीत छापलेली निघाली. (इतकी महत्त्वाची माहिती नवशिक्यांना द्यायची आणि जाणत्यांपासून लपवायची, हे मला पटलेले नाही. तसे मी छापणाऱ्यांना कळवले आहे.)

मग टॅग खोक्यांवर लावले. आता ते बोलू लागले, पण दर गाडीला एक जास्त. खोकी चाळीस, पडद्यावर एक्केचाळीस. मी खोकी पुन्हा मोजली, खांब फडक्याने पुसले, शेवटी गेट विकणाऱ्या कंपनीला फोन लावून तांत्रिक भाषेत झापले. तिकडचा माणूस म्हणाला, “साहेब, गेट खोटं बोलत नाही हो.” मी म्हणालो, “मग काय मी बोलतो?” त्याने ‘बरं साहेब’ म्हणून फोन ठेवला. त्या ‘बरं’चा अर्थ मी तेव्हा माझ्या बाजूने लावला.

अशातच तपासनीस बाई येऊन थडकल्या. मी नेहमीप्रमाणे दोन खांबांच्या मधोमध उभा राहून गाडी भरून घेतली. एक्केचाळीस. मालकांचा चेहरा उतरला, भाच्याचा खुलला. बाईंनी पिशवीतून इस्त्रीएवढे एक यंत्र काढले. टॅगच्या जवळ न्यावे तसतसे ते जास्त जोरात टीं टीं करते. गाडी पुढे काढायला लावून त्या यंत्र घेऊन खांबांकडे आल्या, आवाज वाढला. माझ्याकडे वळल्या, आणखी वाढला. माझ्या पोटाशी येऊन तर ते थांबायलाच तयार होईना. बाई म्हणाल्या, “काका, जरा कोट उघडता का?”

अस्तराला टॅग होता. त्याचे असे झाले, तिरका लागलेला स्टिकर मला बघवत नाही. खोक्यांवर टॅग लावायला घेतले तेव्हा अगदी सुरुवातीला एक तिरका लागला, तो सोलून खोक्याला दुसरा लावला, आणि पहिला वाया कशाला घालवायचा म्हणून कोटाला आतून चिकटवून साफ विसरलो. म्हणजे दर गाडीबरोबर मी अर्ध्या हॉर्सपॉवरचा पंप म्हणून रवाना होत होतो आणि चहाला आत आलो की परत आलेला माल म्हणून जमा होत होतो. भाच्याने संगणक उघडून सगळ्यांदेखत विचारले, “मामा, परत आल्याचं कारण काय लिहू?” मालकांच्या आधी फोर्कलिफ्टवाली म्हणाली, “लिही, आवाज फार करतो.”

दाजी, अशा वेळी माणसाचा कस लागतो. मी शांतपणे कोटाचे बटण लावले आणि म्हणालो, “वा बाई, सापडला म्हणायचा. गेट फसतं का ते बघायला मुद्दामच ठेवला होता.” बाईंनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिले. मग म्हणाल्या, माणसाच्या कोटातला टॅगसुद्धा जे सोडत नाही त्याची मोजणी पक्की. सही करून गेल्या. ऑर्डर मिळाली आणि मी हे पत्र त्या खुर्चीत बसून लिहीत आहे. (खुर्ची गोल फिरते. मी कामापुरतीच फिरवतो.)

ताईस नमस्कार, मुलांस आशीर्वाद, आणि आपल्या पायांशी माझे डोके, हेही तूर्त कागदावरच.

आपला आज्ञाधारक मेहुणा

ता. क. मालकांनी नंतर विचारले, मुद्दाम ठेवला होतात तर मला का नाही सांगितलंत? मी सांगून बसलो की ही युक्ती आमच्या दाजींनी पत्रातून कळवली होती आणि गुप्त ठेवायला बजावले होते. आता त्यांना ते पत्र बघायचे आहे. तरी कृपा करून मागची तारीख घालून चार ओळी लिहाव्यात. त्यात मला थोडे रागवावे, म्हणजे पत्र आपलेच आहे याविषयी कोणाला शंका राहणार नाही.

ता. क. २ पाकीट बंद करण्यापूर्वी हिने हे वाचले आणि मालकांना खरे काय ते सांगून यायला लावले. मालक म्हणाले, “ते मला तुम्ही कोट उघडलात तेव्हाच कळलं. पण मी गिऱ्हाइकाला कळवून बसलोय की कल्पना माझी होती.” तरी पत्र मला न लिहिता मालकांना लिहावे, तारीख मागचीच घालून त्यांची कल्पना उत्तम असल्याचे कळवावे. रागावणे तेवढे गाळावे.