ताडावरची हिरवी पाल

रॉड्रिग्ज बेट, जून १९१७

प्रिय आई,
तुझ्या दोन्ही गालांचे मुके. आम्ही खुशाल आहोत. तू बोटीने पाठवलेल्या मांजरीमुळे घरातले उंदीर हटले, मका वाचला.

गेल्या रविवारी मात्र तिने दारात वीतभर लांब हिरवी पाल मारून टाकली. सासरे ती ओंजळीत घेऊन रडले. “पोरी, ताडाची रानं आम्हीच तोडली. अंडी उंदरांनी खाल्ली. ही एकटीच उरली होती गं.”

“मांजर देऊन टाकते, बाबा.”

“राहू दे. आता तिनं मारायला उरलंय काय?”

तू मनाला लावून घेऊ नकोस. गुडघे कसे आहेत?

सासरे रोज सकाळी ताडाखाली उभे राहून वर बघतात. मी त्यांना हाक मारत नाही.

तुझीच,
ऑक्टावी