दोन भावांच्या मधली वाट अंधारी ठेवणेबाबत

प्रति,
मा. प्रकल्प अधिकारी,
प्रायोगिक प्रकाशतंतू प्रकल्प,
गंगापूर रोड, नाशिक.

अर्जदार : कु. तेजस्विनी शेखर काकड, इयत्ता दहावी, रा. काकड मळा.

विषय : केबल काढून न नेता आमची व काकांची वाट एकमेकींपासून लांब करणेबाबत, तेही शुक्रवारच्या आत.

संदर्भ : आमच्या फाटकावर चिकटवलेली आपली नोटीस, दि. १० नोव्हेंबर २०२५.

महोदय,

"मारहाणीच्या प्रकारामुळे सोमवारी केबल काढण्यात येईल," असे आपण नोटिशीत एका ओळीत उरकले आहे. प्रकार एका ओळीचा नव्हता, म्हणून सविस्तर लिहिते.

माझे वडील शेखर आणि काका दीपक हे सख्खे भाऊ. मळ्यात घरे दोनच, दोन्हीकडे गुलाब, मधे कमरेएवढी भिंत. बोलणे बंद होते, पण हात कोणी उचलला नव्हता. आपली इंटरनेटची केबल आली त्या दिवशी आपल्या इंजिनिअर साहेबांनी आमच्या पाण्याच्या टाकीवर खडूने चित्र काढून समजावले. केसाएवढी काच, तिच्यात उजेडाच्या सात वाटा, एक मधोमध आणि सहा भोवती. एका वाटेतला उजेड शेजारच्या वाटेत थोडा झिरपतो, त्याला क्रॉसटॉक म्हणतात. माझी आजी रंगूबाई म्हणाली, "म्हंजे शेजारच्याचं बोलणं आपल्याला आयकू येतं का रे भाऊ?" साहेब हसून म्हणाले, "तसंच समजा, आजी!"

महोदय, ही थट्टा आम्हाला काकांच्या डोक्यातल्या सोळा टाक्यांना पडली.

संध्याकाळी दोन्ही घरांत एकदम टीव्ही लागला की दोन्हीकडचे चित्र अडकायचे. वडील म्हणायचे, "दीप्या घुसला आपल्या वाटेत." तशात रविवारी वडिलांनी फोनवर व्यापाऱ्याला गुलाबाचा भाव सांगितला, आणि तासाभरात काकांनी त्याच व्यापाऱ्याला त्याहून कमी भावात माल दिला. आता वडिलांचा फोनवरचा आवाज सोमेश्वरच्या धबधब्यापर्यंत जातो, त्याला तंतू कशाला हवा? पण माझे ऐकतो कोण! वडील कुऱ्हाड घेऊन भिंतीवर चढले आणि केबल तोडली. काका ओरडले, "माझं नेट तोडतो का रे शेखऱ्या!" आणि फावड्याचा दांडा थेट वडिलांच्या तोंडावर. दोन दात वाफ्यात पडले, ते अजून सापडलेले नाहीत. वडिलांनी कुऱ्हाड काकांच्या डोक्यात उलटी हाणली. उलटी होती म्हणून हा अर्ज आहे, सुलटी असती तर पंचनामा झाला असता. सुवर्णाकाकूने फुले छाटायच्या कात्रीने माझ्या आईचा दंड फाडला, आईने तिची वेणी धरून तिला भिंतीवर आपटले. या दोघी एरवी त्याच भिंतीवरून चोरून लोणचे देतात-घेतात. मी मधे पडले तर पाठीत वीट बसली. ती कोणाची, हे दोन्ही घरे सांगत नाहीत. भिंतीवरचे रक्त पाणी मारूनही निघत नाही.

काकांना शुक्रवारी दवाखान्यातून सोडणार आहेत. त्यांचा मुलगा स्वराज माझ्याच वर्गात आहे. तो मधल्या सुट्टीत म्हणाला, "तेजू, पप्पा म्हणतात, आल्या आल्या शेखरला आडवा करतो." माझे वडील तर दातांच्या फटीतून रोज तेच म्हणतात. अशा वेळी आपण केबल काढून नेलीत, तर दोघेही म्हणणार, "बघा, ऐकू जात होतं म्हणूनच काढली!" मग शुक्रवारी वाचलेला सोमवारी मरेल.

लहान तोंडी बोलते, पण चूक आपल्या वाटपात आहे. टाकीवरचे चित्र अजून पुसलेले नाही. भोवतीच्या सहा वाटांत आम्हाला दोन नंबर, काकांना तीन. मांडीला मांडी लावून, आणि उजेडही एकाच रंगाचा! बाकी सगळ्या रिकाम्या. आमच्याकडे गोंधळाची पंगत बसते तेव्हा आजी या दोन भावांची पाने दोन टोकांना मांडते, मधे पाहुणे. म्हणून पंगतीत आजवर वाटीसुद्धा फुटलेली नाही. आजीला कळते ते आपल्या कार्यालयाला का कळू नये?

तरी तुटलेली केबल जोडताना काकांना समोरची पाच नंबरची वाट द्यावी आणि मधोमधची एक नंबरची अंधारी ठेवावी. तिथे पुढेही कोणाला बसवू नये. दुसरे म्हणजे आपण स्वतः इंजिनिअर साहेबांना घेऊन शुक्रवारच्या आत यावे. चित्र अडकते ते उजेड झिरपल्याने, बोलणे मात्र कोणाचेही कोणाला ऐकू जात नाही, हे त्यांनी दोन्ही घरांदेखत भिंतीपाशी उभे राहून सांगावे. सांगताना हसू नये.

घरी विचारून आलेले नाही. फक्त आजीला माहीत आहे. सोबतची वस्तू तिनेच जुन्या लुगड्यात गुंडाळून माझ्या दप्तरात घातली आणि म्हणाली, "सायबाला म्हन, तुमच्यापाशीच ठुवा." येताना माझे भूगोलाचे पुस्तक चिरले, त्याबद्दल तक्रार नाही.

आपली, पाठीत चमक असूनही नम्र,
तेजस्विनी शेखर काकड
नाशिक, दि. १२ नोव्हेंबर २०२५

सोबत :
१) टाकीवरील चित्राचा फोटो.
२) काकांच्या टाक्यांच्या कागदाची प्रत (स्वराजने दिली).
३) कुऱ्हाड, एक. पोच माझ्या नावे द्यावी. वडील मागायला आले तरी देऊ नये.
४) फावड्याचा दांडा. तो घेऊन स्वराज बाहेर जिन्यात उभा आहे. आधी माझी कुऱ्हाड जमा झालेली दिसली की मगच तो आत येणार आहे, तरी दार उघडे ठेवावे.