दारापासून शेगडीपर्यंत

प्रिय चिऊ,

फोन असताना मावशीला पत्र कुठून सुचलं, असं तू म्हणशील. पण फोनवर तुझ्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की मी नुसती हं-हं करत राहते, आणि सांगायचं ते राहूनच जातं. शिवाय तुझी आई पलीकडच्या खोलीत बसली आहे. ऑपरेशननंतर डोळ्यांना आता बरं दिसतंय, कान तर तिचे पहिल्यापासूनच तिखट. पुढच्या रविवारी तू ट्रक आणि माणसं घेऊन येणार, तिचं घर रिकामं करणार आणि तोवर मी तिला डोळ्यांच्या निमित्तानं माझ्याकडे अडकवून ठेवणार, असं आपलं ठरलंय. महिनाअखेरीस इमारतीच्या कमिटीची माणसं घर बघायला येणार. तेव्हाही ते असंच भरलेलं दिसलं तर ताईला बाहेर काढू म्हणतात. तुझा जीव टांगणीला लागलाय हे मला कळतं. माझाही लागलाय.

परवा तिचे कपडे आणायला आम्ही दोघी तिच्या घरी गेलो. दार वीतभरच उघडलं. ती सवयीनं आडवी होऊन आत सरकली, मला मात्र पर्स काढून आधी आत द्यावी लागली. वर्तमानपत्रांचे गठ्ठे माझ्या खांद्याला लागत होते. रिकाम्या बरण्या, मोडक्या छत्र्या, खोकी, खोक्यांत आणखी खोकी. शेगडीवरसुद्धा गठ्ठे. गॅस कधीपासून पेटवला नाहीस, असं विचारलं तर म्हणाली, “लागतोय कुणाला? चहा खाली मिळतो.” पलंग तर दिसतच नव्हता, खुर्चीत बसूनच झोपत असणार. तेवढ्यात माझा धक्का लागला असावा, मागचा एक ढीग घसरला आणि दार बंद झालं. नाकातोंडात धूळ गेली. “हलू नकोस,” ताई म्हणाली. मग ती खाली बसली आणि आमच्या आणि दाराच्या मधला एकेक अंक उचलून, घडी सारखी करून, बाजूला ठेवू लागली. मला श्वास पुरेना, आणि ही कोपरे जुळवतेय! मी ओरडलेच, “अगं, ढकल ते सगळं!” तिनं वर पाहिलं. चिऊ, ती माझ्यापेक्षा जास्त घाबरली होती. पण मी आम्हा दोघींसाठी घाबरले होते आणि ती त्या कागदांसाठी.

ही तीच ताई का, असं मला वाटत राहिलं. शाळेत सोमवारी सिस्टर सगळ्यांची डेस्कं उघडून बघायच्या. माझ्या डेस्कात पेरूच्या बिया आणि फुटकी पट्टी असायची, आणि ताईचं डेस्क साऱ्या वर्गाला नेऊन दाखवायच्या. पुढे तिनं शिवणकाम सुरू केलं तेव्हाही तिच्या टेबलावर दोरा इकडचा तिकडे नसायचा. तुला आठवतं, उरलेलं कापड ती कधी स्वतःकडे ठेवायची नाही. कापड गिऱ्हाइकाचं, चिंधीही गिऱ्हाइकाची. पुरचुंडी बांधून, वर नाव टाचून ठेवायची. बायका हसायच्या, “बाई, दोन बोटं कापड घेऊन मी काय करू?” त्या नेत नसत आणि ही टाकत नसे. तुझे बाबा गेले त्या वर्षी पुरचुंड्यांनी कपाट भरलं. त्यानंतर कपाटाबाहेरचं भरायला लागलं. तिच्या प्रामाणिकपणातूनच हे सुरू झालं म्हणून कितीतरी दिवस आपल्या कुणाला ते दिसलंच नाही.

मागं तू तिला माझ्याकडे पाठवून घर लख्ख केलंस. त्यात तुझं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. तुझ्या जागी मीही तेच केलं असतं. पण ती परतली तेव्हा मी तिच्याबरोबर होते. रिकाम्या भिंतीला हात लावून ती उभी राहिली, आणि कोण काय घेऊन गेलं, एवढंच विचारत राहिली. चोरी झालेल्या घरात माणूस विचारतं तसं. वर्षाच्या आत घर दुप्पट भरलं, आणि तुला ती दारातूनच परत पाठवू लागली. तू मला म्हणालीस, “तिला माझ्यापेक्षा रद्दी प्यारी आहे.” ते माझ्या काळजात रुतून बसलंय.

म्हणून मी मानसोपचाराच्या डॉक्टरीणबाईंना भेटून आले, आधी एकटीच. त्या म्हणाल्या, हा आजार आहे. आळस नाही, हट्ट नाही, कंजूषपणाही नाही. आपण वस्तू टाकतो तेव्हा हलकं वाटतं, अशा माणसाला ती टाकताना आपला लचका तुटल्यासारखं होतं. काय ठेवू, काय टाकू हे ठरवणंच त्यांना जमत नाही, म्हणून सगळंच राहतं. मी ट्रकचं सांगितलं. त्या म्हणाल्या, “घर रिकामं होईल. पण त्या पुन्हा कुणाला आत घेणार नाहीत. आणि ढीग पुन्हा पडेल तेव्हा खाली त्या एकट्या असतील.” घर नीटनेटकं करायचं हे आधी डोक्यातून काढा, असंही बजावलं. आधी पडणार नाही, पेटणार नाही, एवढंच बघायचं. दारापासून शेगडीपर्यंत चालता येऊ दे. पण जे जाईल ते तिच्या हातानं जाऊ दे. कमिटीला डॉक्टरीणबाई स्वतः लिहून मुदत मागणार आहेत. मिळेल की नाही, सांगता येत नाही. आणि पूर्ण बरं वाटेल असंही त्यांनी मला सांगितलं नाही.

काल आम्ही ती वाट करायला बसलो. एक अंक उचलायचा, ती पानं चाळणार, मांडीवर ठेवणार, पुन्हा उचलणार. माझ्या नाकी नऊ आले. संध्याकाळपर्यंत एक पिशवी भरली. ती खाली ठेवून मी वर येऊन हात धुते तोवर ही जिना उतरून पिशवी परत घेऊन आली. मला रडू आलं, राग आला, दोन्ही. ती म्हणाली, “उद्या टाकते. आज तिला राहू दे.” आज सकाळी आम्ही परत गेलो, आणि तिनं ती टाकली. पिशवीतून दोन अंक मात्र काढून घेतले, ते मी न पाहिल्यासारखं केलं.

आता खरं कारण लिहिते. तिच्या पर्समधून घराची किल्ली काढून तुला पाठव, असं तू मला सांगितलं होतंस. मी ती काढली नाही. तुझा सगळा बेत आज दुपारी ताईला सांगून टाकला. माझ्यावर चिडायचं तर चीड. सगळं ऐकून ती उठली. मग तिनं स्वतःच किल्ली आणून या पाकिटात ठेवली. म्हणाली, “तिच्याकडे असू दे. पण ये म्हणावं मी असताना. आणि ट्रक नको.” तू घर रिकामं केल्यावर तिनं कुलूप बदललं, तेव्हापासून तिच्याकडे ही एकच किल्ली आहे, चिऊ. तू येईपर्यंत तिला स्वतःच्या घरात जाता येणार नाही. मी पाकीट चिकटवलं तर तिनं उघडायला लावलं, किल्ली काढून घेतली, घरभर फिरली, पुन्हा आणून ठेवली. असं तीनदा झालंय. आता ती चप्पल घालून दारात उभी आहे. पत्र पेटीत मी टाकणार नाही, तिलाच टाकू देणार आहे. पेटीपाशी पोचून ती मागे फिरली तर मी काही बोलणार नाही. पण हे तुझ्या हातात पडलं असेल तर एवढं समज, की तुझ्या आईनं ते आपल्या हातानं सोडलंय.

तुझीच,
मावशी