अंड्यांवरचे आकडे

सर,

बेटावरच्या पहिल्या घरट्यातून एकही पिल्लू बाहेर का आले नाही, याचे कारण मला ठाऊक होते. ते तुम्हाला सांगायचे राहून गेले, असे मी इतकी वर्षे स्वतःशी म्हणत आलो. राहून काहीच गेले नव्हते. मी सांगितले नाही.

निवृत्तीनंतर तुम्ही तुमच्या जन्मगावी, खाडीच्या मुखाशी असलेल्या त्या लहानशा बेटावर, समुद्री कासवांची अंडी वाचवण्याचे काम हाती घेतलेत, तेव्हा मी कॉलेजात तुमच्याच जागी तर्कशास्त्र शिकवत होतो. कामाची नियमावली इथे पुण्यात, तुमच्या स्वयंपाकघरात तयार झाली. तुम्ही ओट्यापाशी उभे राहून चहा उकळता आहात, मी स्टुलावर बसून कलमे लिहितो आहे. कासवाची अंडी खणून खाण्याची रीत बेटावर पूर्वापार होती. कोणत्या घराने किनाऱ्याचा कोणता तुकडा खणायचा हेही ठरलेले होते. गावाने तुमच्यासाठी एवढेच कबूल केले होते की एक हंगाम कोणी अंड्यांना हात लावणार नाही. पिल्ले समुद्रात जाताना दिसली तर पुढेही लावणार नाही. मी कलम लिहिले: ज्याच्या हातून घरटे वाया जाईल, त्याने पुन्हा पहारा करू नये. तुम्ही कागद दूर धरून वाचलात आणि म्हणालात, "अहो, ही माणसं आहेत, विधानं नव्हेत." मी कलम तसेच ठेवले. तुम्हीही आग्रह धरला नाहीत.

पहाटेचा पहारा करणाऱ्यांत एक बाई होत्या. अंडी खणणे सोडायला सर्वांत आधी तयार झालेले घर त्यांचे. हंगामातले पहिले घरटे त्यांनाच सापडले आणि ओल्या वाळूच्या पाटीतून, पावले मोजल्यासारखी टाकत, त्यांनी ती अंडी, सुरक्षित पुरण्यासाठी उभारलेल्या जाळीच्या कुंपणापर्यंत आणली. मी सुट्टीत तिथे आलो होतो. तुम्ही तरीच्या धक्क्यावर, पलीकडून होडीने येणाऱ्या वनखात्याच्या अधिकाऱ्याला घ्यायला गेला होतात. बाई किनाऱ्याचा उरलेला भाग पाहायला परत गेल्या. नवा खड्डा खणून तयार होता. अंडी आहेत तशी, वरची बाजू वरच ठेवून, त्यात उतरवायची होती. हे कलमही मीच लिहिले होते.

पण मला नोंद हवी होती. कोणते अंडे वरच्या थरातले, कोणते तळाचे, कोणते आधी फुटते. सावलीत बसून मी शंभराहून अधिक अंडी एकेक करून उचलली. त्यांचे कवच मऊ असते, चामड्यासारखे; ओल्या बाजूवर पेन्सिल उमटेना, म्हणून प्रत्येक अंडे फिरवून कोरडी बाजू शोधली आणि तिच्यावर आकडा घातला. मग आकडे दिसतील असे, थराथराने रचले. आतल्या जिवाने तोवर कवचाला धरलेले असते आणि अंडे फिरवले की ते धरलेले सुटते, हे तुम्ही मला समजावले होते. मला ते पाठ होते. कलम अंड्यांच्या वाहतुकीसाठी आहे, असा अर्थ मी त्या सावलीत बसून लावला.

दिवस भरले, वर आठवडा गेला. खड्ड्यावर पालथी घातलेली टोपली रोज सकाळी उचलून पाहायची. खाली वाळू तशीच सपाट. शेवटी तुम्ही खड्डा उघडलात, एकट्याने. मी येतो म्हणालो, तर नको म्हणालात. परत आलात तेव्हा हात धुतलेले होते. सगळी अंडी दूर पुरली, एवढेच सांगितलेत. पेन्सिलीचे आकडे ओल्या वाळूत इतके दिवस टिकतात का, हा प्रश्न मला त्या दिवसापासून सोडत नाही. वर्गात फळ्यावर आकडा लिहिला की हात क्षणभर थांबत असे. विद्यार्थ्यांना वाटे, सर विचार करत आहेत.

खड्डा उघडल्याच्या दुसऱ्या दिवशी गावाची सभा शाळेच्या पडवीत भरली. कासवांनाही पुण्याचं पाणी मानवलं नाही वाटतं, असे मासेमारी होडीचा एक म्हातारा तांडेल म्हणाला आणि सगळे हसले. ते हसणे धोक्याचे होते. पद्धतच खुळी ठरली असती तर दुसऱ्या दिवशी लोक फावडी घेऊन किनाऱ्यावर उतरले असते. तुम्ही माझ्याकडे वळून शांतपणे विचारलेत, "तुम्हाला काही सांगायचं आहे?"

मी उठलो आणि युक्तिवाद केला. अंडी घातली तेव्हा चांगली होती. जाळीवर पहारा होता. खड्ड्याची खोली बरोबर होती. उरतो फक्त पाटीतला प्रवास. एकेक शक्यता बाद करत मी त्या बाईंच्या हातांपर्यंत पोहोचलो, नाव न घेता. नाव गावाने घेतले. अनुमानाची रचना निर्दोष होती. एक शक्यता मी यादीतच घेतली नव्हती. बाई एवढेच म्हणाल्या, "पाटी हलली नाय माझी." कोणी ऐकले नाही. पद्धत वाचली, हंगाम वाचला, आणि माझ्या कलमाप्रमाणे त्यांचा पहारा सुटला.

काही दिवसांनी दुसऱ्या घरट्यातून पिल्ले निघाली. सारा गाव पाहायला आला. तीही अंडी, सभेच्या कितीतरी आधी, त्याच बाईंनी, त्याच पाटीतून आणली होती. माझे अनुमान त्या सकाळी सर्वांच्या डोळ्यांदेखत कोसळले आणि टाळ्यांत कोणाच्या लक्षात आले नाही. तुमच्या आले असावे. तुम्ही पिल्लांकडे पाहत नव्हतात. त्याच पावसाळ्यात तुम्ही गेलात.

गेल्या महिन्यात त्या बाईंच्या मुलीचा फोन आला. ती इथेच पुण्यात, खराडीला नोकरी करते. बेटावरच्या कामाची पुस्तिका निघते आहे, तुमच्यावर मी लिहावे, अशी तिची विनंती. आई हल्ली माझ्याकडेच असते, असेही ती सहज बोलून गेली. आईला अंड्यांच्या कामात पुन्हा कधी घेतले नाही, घरी पाहुणे आले की अजून कोणीतरी तो विषय काढतेच, हेही तिनेच सांगितले. मी आठ दिवस घालवले आणि एका दुपारी गेलो.

बाई अकराव्या मजल्यावर, खिडकीपाशी शेवग्याचा पाला निवडत बसल्या होत्या. मुलगी ऑफिसात होती. "चहा घेऊनच आला असाल ना?" त्यांनी विचारले आणि माझा चेहरा पाहून हसल्या. "तुमच्या पुण्यात असंच विचारतात, म्हणून शिकले."

मी क्रमवार सांगितले. पेन्सिल, सावली, आकडे, सभा. त्या पाला निवडत राहिल्या.

"आकडे सुबक होते तुमचे," त्या म्हणाल्या. "भाऊंनी एक अंडं आणून दाखवलेलं मला. खड्डा उघडला त्याच दिवशी."

भाऊ म्हणजे तुम्ही. सभेच्या आदल्या दिवशी. मी विचारले, मग सभेत तुम्ही बोलला का नाहीत.

"भाऊ म्हणाले, ते स्वतः सांगतील. आपण बोललो तर नियम करणाराच नियम मोडतो, असं होईल नि लोक उद्याच खणायला जातील. थोडं थांबा म्हणाले."

"आणि ते गेल्यावर?"

"ते गेल्यावर मला कोण खरं म्हणणार होतं? अंडं दाखवणारा माणूस गेला." त्यांनी काड्या बाजूला सारल्या. "मला सांगून काय उपयोग, मला ठाऊकच होतं. गावाला सांगा. पुस्तकात लिहा."

सर, तुमचा हिशोब मला कळतो. एका बाजूला बेटाचा सगळा किनारा आणि तुमच्या विद्यार्थ्याची सदसद्विवेकबुद्धी. दुसऱ्या बाजूला एका बाईचा एक हंगाम. मी खरे बोलेन, हे तुम्ही गृहीत धरलेत. मी बोललो नाही तर काय, याची तजवीज केली नाहीत. आणि मी बोललो नाही हे सभेत दिसल्यावरही तुम्ही गप्प राहिलात. कासवे आजही त्या किनाऱ्यावर येतात. त्या बाई मात्र त्यानंतर जाळीच्या आत कधी गेल्या नाहीत.

पुस्तिकेसाठीचा मजकूर मी लिहिला आहे. सगळे आहे त्यात, एकही गोष्ट गाळलेली नाही. हे पत्र त्याच कागदांखाली राहील. काल रात्रीचे जेवण झाल्यावर तो मजकूर पुन्हा वाचला. तुमचे मौन पहिल्या परिच्छेदात आले आहे आणि माझी पेन्सिल चौथ्यात. क्रम उलटा हवा, हे मला कळते. अजून बदललेला नाही.