डॉक्टरांसमोरची गोळी

ता. ९ फेब्रुवारी

वन्सं,

नमस्कार. इकडे सगळे ठीक आहेत, तिकडेही असाल. रीत संपली, आता बोलते.

आईंचा थायरॉइडचा रिपोर्ट दर वेळी बिघडायचा, डॉक्टर डोस वाढवायचे आणि आई खुर्चीतल्या खुर्चीत आणखी सुस्त व्हायच्या. तेव्हा तुम्ही फोनवर, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालात, "गोळी पोटात गेली तर गुण येईल ना! ती देते का, ते बघा आधी."

देत होते. उपाशीपोटी, चहाच्या आधी, नुसत्या पाण्याबरोबर.

शेवटी डॉक्टरांनी आईंना दिवसभर दवाखान्यात बसवून घेतलं. नर्सनं स्वतःच्या हातानं गोळी दिली आणि मधून मधून रक्त काढलं. आईंना वाटलं, तपासणी त्यांची चाललीय. तपासणी माझी होती, वन्सं! बाहेरच्या बाकावर मी चोरासारखी बसून होते.

औषध रक्तात चढलंच नाही. नर्सच्या हातूनसुद्धा नाही! आईंच्या पोटात आम्ल कमी तयार होतं, म्हणून गोळी नीट विरघळतच नाही, असं निघालं. आता तेच औषध पातळ मिळतं, ते बाटलीतून मोजून द्यायचं. आई हळूहळू हिंडूफिरू लागल्यात. काल म्हणाल्या, भाजी अळणी झालीय. इतका आनंद मला कुणाच्या कौतुकानंही झाला नव्हता.

मग तुमचा फोन. "झालं गेलं, मनावर घेऊ नकोस." तुमचं नाही घेतलं. तुम्ही लांब राहता, तोंडाला येईल ते बोलता, सवय आहे मला.

पण तुमच्या त्या पहिल्या फोननंतर तुमच्या भावानं कचऱ्याच्या डब्यातून गोळ्यांची रिकामी पाकिटं काढून ओट्यावर मोजत मांडली. मी दारातच उभी होते. त्यांनी मला पाहिलं. हात धुतले आणि जेवायला बसले. मी वाढलं. का वाढलं, याचाच राग अजून जात नाही.

आई म्हणतात, औषध तुझ्याच हातचं घेईन. मी बाटली तुमच्या भावाकडे दिली आहे. रोज सकाळी तेच उठून देतात. मी मागे उभी राहून बघते, आई गिळतात की नाही.

तुम्हीही या बघायला.

अजून तरी तुमची,
वहिनी